मार्कंड्याचं देऊळ गावाच्या हाती का देऊ नये?

चामोर्शीकर:
गोव्यातल्या दिवाड बेटावर जाऊन आलो. तिथं अजून फेरीबोटीनंच जावं लागतं. पिएदाद गावात टेकडीवर अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं चर्च आहे, एका गोमंतकीय पाद्र्याच्याच देखरेखीत बांधलेलं. भिंती पांढऱ्याशुभ्र, बाकांवर गावातलीच म्हातारी माणसं. आणि आपलं गडचिरोली जिल्ह्यातलं मार्कंडा? वैनगंगेकाठचा एवढा मोठा मंदिरसमूह, पण ताबा पुरातत्त्व खात्याचा आणि मुख्य देवळाच्या दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. जी वास्तू गाव वापरते तीच टिकते. देऊळ गावाच्या समितीकडे द्या.

झाडीपट्टीवाला:
नाही जी, पटत नाही. आमच्या गावच्या हेमाडपंती देवळाले समितीनंच हौसेनं आइल पेंट मारला. खांबावरच्या बाईच्या हातातला आरसा आता दिसतच नाही. परवा पोपडा नखानं उचलला, तं मागं दगडाचा भुगा चिकटून आला! आइल पेंटनं ओल आतच कोंडते, दगड सडते. भक्ती खरी होती, देऊळ मात्र गेलं.

चुनागच्ची:
दिवाडची तुलना इथं लागू नाही. गोव्यातली जुनी चर्चं जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडते, म्हणून पावसाळ्यानंतर सफेदी केली की भिंत जगते. कोरीव दगडावर हाच उपाय केलात तर नक्षी बुजेल.

वर्धेकाठची:
दिवाडची दुसरी बाजूही सांगा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. भक्तांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं देऊळ बांधवलं. दगड गेला तरी देव राखला तो लोकांनीच. म्हणून गावाला बाजूला सारणं मला मान्य नाही. मार्कंड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं घर बांधता येत नाही, ही झळ गावच सोसतं. मग कामाचा हिशेब त्यालाच का मिळू नये?

चामोर्शीकर:
पेंटचं ऐकून पोटात गोळा आला. ताबा द्या हे मी मागे घेतो. हिशेबाचं मात्र सोडणार नाही. देवळाचे कोणते दगड उतरवले, कोणते परत बसवले, पुढं काय, याचा मराठी फलक देवळापाशी लागलाच पाहिजे. ग्रामसभेत ठराव मांडतो.

झाडीपट्टीवाला:
मांडा, मी येतो. पण गावातल्या बाकी जुन्या देवळांले आइल पेंट बंद, हे पयले लिवा.