मदत हवी आहे: संमोहनातील प्रतिमेवर माझ्या सूचनेचा रंग चढू नये म्हणून काय करावे?

मी समुपदेशक असून संमोहनोपचाराला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगप्रणीत सक्रिय कल्पनेची (मनात उमटणाऱ्या प्रतिमांशी जागेपणी संवाद साधण्याच्या पद्धतीची) जोड देऊ पाहत आहे. युंगने स्वतः संमोहन का सोडले असावे, हे आता जाणवते: एका व्यक्तीला संमोहनावस्थेत बंद दार दिसले आणि मी "दार उघडेल" म्हणताच ते उघडले, पण ते तिच्या अबोध मनाने उघडले की माझ्या शब्दाने, हे कळेना. पुढच्या सत्रात "आता काय दिसते?" एवढेच विचारले, तर ती झोपेकडे झुकली, नंतर तिने काढलेल्या चित्रात दार बंदच होते. मनोविकारतज्ज्ञांची संमती आहे, तिला मनोविकृतीचा पूर्वेतिहास नाही, आणि खोट्या आठवणी रुजण्याच्या भीतीने वयप्रतिगमन (संमोहनात व्यक्तीला मागच्या वयात नेणे) मला टाळायचेच आहे. संमोहन हलके ठेवून प्रतिमेशी संवाद तिचा तिनेच चालवावा, यासाठी सूचनांची शब्दरचना नेमकी कशी असावी?