मदत हवी आहे : बेळगाव ते पणजी, पाच दिवस, दोघांच्या वेगातला फरक

मंडळी, जानेवारीत दोघं मिळून बेळगाव–पणजी पळायचं आहे. मुक्काम खानापूर, रामनगर, मोले, फोंडा. रोज 25 ते 40 किमी. मागून गाडी नाही, सामान पाठीवर. मुक्कामांची सोय झाली आहे. अनमोड घाट आणि मोलेचं अभयारण्य उजेडातच पार करायचं, त्यामुळे उशीर परवडणारा नाही.

अडचण वेगाची. सलग दोन दिवस खानापूरला जाऊन-येऊन पाहिलं. एकाचा वेग किमीला साडेसात मिनिटं, दुसऱ्याचा नऊ. वेगवान गडी सावकाश पळाला की त्याची पावलं आखूड पडतात आणि नडगी दुखते. पुढे जाऊन थांबला तर अंग गार पडून पोटरीत गोळे येतात.

आठ मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं करून पाहिलं. फरक थोडाच घटला. मग वजन हलवलं : वेगवानाकडे चार किलो, दुसऱ्याकडे दीड. हा उपाय खरा लागू पडला, फरक 40 सेकंदांवर आला. पण दुसऱ्या दिवशी पिशवीच्या पट्ट्याखाली त्याची गळ्याजवळच्या हाडावरची कातडी सोलून निघाली. व्हॅसलिन घामाने तासाभरात उतरतं, कागदी चिकटपट्टीही सुटते. पट्टा आवळला तर श्वास अडतो, सैल सोडला तर पिशवी उसळते.

बूट अर्धा नंबर मोठे आहेत, ओआरएस चालू आहे, पायांची तक्रार नाही.

अनमोडच्या उतारावर मांड्यांवर आधीच ताण, तिथे चार किलो एकाच्याच पाठीवर ठेवावेत की घाटापुरते वाटून घ्यावेत? आणि खांदा पाच दिवस टिकेल असं पट्ट्याखाली नेमकं काय लावता?