बॉलसाठी ड्रेस विकत घेऊ नका

तुम्ही विचारलंय की लेकीला होमस्कूलवाल्यांच्या (शाळेऐवजी घरीच मुलांना शिकवणाऱ्या कुटुंबांच्या) बॉलला, म्हणजे अमेरिकेच्या सिव्हिल वॉरच्या (यादवी युद्धाच्या) काळातले कपडे घालून नाचायच्या पार्टीला न्यायचंय पण ड्रेस फार महाग पडतोय, तर आधी हेच सांगते, विकत घेऊच नका! आम्ही इथे पेनसिल्व्हेनियात दोनदा गेलोय, दोन्ही वेळा घरीच शिवला. 1856 च्या सुमारास स्टीलच्या कड्यांचा क्रिनोलिन, म्हणजे स्कर्टच्या आत घालायचा हूप, आला आणि स्कर्ट एवढे फुगले, त्यामुळे 1861-65 चा, म्हणजे त्या युद्धाच्या काळातला लूक हवा तर पैसे आतल्या हूपवर घाला, वरून साधं सुती कापड मस्त दिसतं. हूप घालून बसायची प्रॅक्टिस मात्र घरी करून घ्याच, मागच्या कड्या जरा उचलून मग टेकायचं, नाहीतर पुढून सगळा घेर वर येतो, माझी लेक पहिल्यांदा अगदी रडकुंडीला आली होती. मुलग्यांना वेस्टकोट पुरतो.

नाच येत नाही म्हणून घाबरू नका, तिथल्या व्हर्जिनिया रील या समूहनाचात समोरासमोर दोन रांगा असतात आणि एकजण प्रत्येक स्टेप पुकारून सांगतो. आणि आजीलाही न्या हं, आमच्या सासूबाई नऊवारी नेसून आल्या, तेव्हा आपल्याकडे तेच नेसायचे ना, आणि शेवटच्या रीलपर्यंत नाचल्या!