रॉबर्ट गेट्स यांचे नाव १९८७ मध्ये मागे घ्यावे लागले, १९९१ मध्ये मात्र मंजूर झाले. मधल्या काळात नेमके काय बदलले?

चौकस:
अमेरिकेत सीआयए या गुप्तचर संस्थेच्या संचालकपदासाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट ते मंजूर किंवा नामंजूर करते, एवढे मला ठाऊक आहे. रॉबर्ट गेट्स यांच्या कारकिर्दीबद्दल वाचताना मात्र एका ठिकाणी अडलो. १९६६ मध्ये सीआयएत दाखल झालेले, १९७४ मध्ये रशियाच्या इतिहासात डॉक्टरेट मिळवलेले आणि सोव्हिएत संघाचे अभ्यासक म्हणून नाव कमावलेले हे गृहस्थ १९८६ मध्ये उपसंचालक झाले. फेब्रुवारी १९८७ मध्ये रेगन यांनी त्यांना संचालक करायचे ठरवले आणि महिनाभरातच ते नाव मागे घ्यावे लागले. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी तेच नाव पुन्हा पाठवले, तेव्हा ते ६४ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर झाले. दोन्ही वेळी सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन हेच होते. मग पहिल्या वेळचे आक्षेप खोटे ठरले, की लोक ते विसरले?

दप्तरदार:
दोन्ही नाही, असे माझे मत आहे. पण त्यासाठी ऑक्टोबर १९८६ चे पहिले काही दिवस बारकाईने पाहावे लागतील. १ तारखेला चार्ल्स अ‍ॅलन या वरिष्ठ अधिकाऱ्याने गेट्स यांच्या कानावर घातले की, अमेरिकेने इराणला गुपचूप विकलेल्या शस्त्रांच्या पैशातला काही भाग निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला जात असावा असा आपल्याला संशय आहे. ५ तारखेला काँट्रांची रसद नेणारे एक विमान निकाराग्वात पाडले गेले आणि त्यातला युजीन हासेनफस हा अमेरिकी माणूस जिवंत पकडला गेला. ९ तारखेला संचालक विल्यम केसी, गेट्स आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ एकत्र जेवायला बसले असताना नॉर्थ यांच्या बोलण्यात स्विस बँकेतली खाती आणि काँट्रा यांचा ओझरता उल्लेख आला. गेट्स यांनी मागाहून केसींना त्याबद्दल विचारले, केसींनी विषय उडवून लावला, आणि गेट्स यांनी तो तिथेच सोडून दिला.

त्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण अ‍ॅलन यांना त्यांनी केसींकडे पाठवले होते आणि पुढे अ‍ॅलन यांचे टिपण राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांच्यापर्यंतही पोहोचवले गेले. परंतु कागद पुढच्या टेबलावर सरकवला की आपण सुटलो, ही वृत्ती कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही ओळखू येईल. डिसेंबरमध्ये केसी मेंदूतील गाठीमुळे अंथरुणाला खिळले आणि मे १९८७ मध्ये वारले. ज्यांना खरे विचारायचे ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून सारे प्रश्न प्रभारी संचालक असलेल्या गेट्स यांच्यासमोर येऊन पडले. २६ फेब्रुवारीला या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या टॉवर आयोगाचा अहवाल आला आणि २ मार्चला गेट्स यांचे नाव मागे घेण्यात आले. त्यामुळे सिनेटने त्यांना नाकारले असे म्हणता येत नाही. मतदान झालेच नाही.

नीरक्षीर:
दप्तरदार यांनी सांगितलेला भाग बरोबर आहे, पण १९९१ च्या सुनावणीत सर्वांत जास्त बोचलेला आरोप निराळाच होता, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक गंभीर होता. गेट्स १९८२ मध्ये विश्लेषण विभागाचे प्रमुख झाले आणि आल्याआल्याच त्यांनी भर सभेत विश्लेषकांच्या कामाचे वाभाडे काढले. ते मसुदे स्वतः वाचत आणि शेरे मारून परत पाठवत. याच विभागात काम केलेल्या मेल्विन गुडमन यांनी समितीपुढे शपथेवर सांगितले की, वरिष्ठांना जे ऐकायचे असेल त्याच बाजूला निष्कर्ष झुकवले जात होते. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १९८१ मध्ये झालेल्या गोळीबारावरचा १९८५ चा अहवाल त्यांनी उदाहरणादाखल पुढे केला. सोव्हिएत सहभागाच्या बाजूचे मुद्दे मांडणारा तो अहवाल होता, हे त्याच्या शीर्षकातच लिहिलेले होते. विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र वाचणाऱ्यांपुढे ठेवलाच गेला नाही, असा टीकाकारांचा आक्षेप होता. हॅरॉल्ड फोर्ड यांच्यासारख्या मुरलेल्या अधिकाऱ्यानेही गेट्स यांच्या विरोधात साक्ष दिली. डग्लस मकईचिन यांच्यासारखे सहकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले.

गेट्स यांनी आरोपांना एकेक करून उत्तर दिले, आणि कठोर संपादन म्हणजे दबाव नव्हे असा त्यांचा एकंदर पवित्रा होता. मला तो अर्धाच पटतो. मसुदा तिसऱ्यांदा परत आला की साहेबांना काय हवे आहे ते कनिष्ठाला न सांगताही कळते. समितीने ११ विरुद्ध ४ मतांनी त्यांची शिफारस केली.

चौकस:
म्हणजे १९९१ मध्ये आरोप वाढलेच होते, तरी मंजुरी मिळाली. मग माझा प्रश्न अधिकच अवघड झाला.

दप्तरदार:
फरक आरोपांत शोधू नका, त्या वेळच्या परिस्थितीत शोधा. १९८७ मध्ये इराण-काँट्रा प्रकरण पेटलेले होते आणि पुढच्या आठवड्यात कोणता कागद बाहेर पडेल याची कोणालाच खात्री नव्हती. अशा वेळी होकार देणाऱ्या सिनेटरला तो होकार पुढे गळ्यात लोढण्यासारखा वागवावा लागला असता. १९९१ पर्यंत काँग्रेसची चौकशी होऊन गेली होती. त्या वर्षी जुलैमध्ये याच प्रकरणात सीआयएच्या अ‍ॅलन फायर्स यांनी गुन्हा कबूल केला, तेव्हा गेट्स यांची सुनावणी सप्टेंबरपर्यंत लांबली. परंतु त्यातूनही त्यांना थेट अडकवणारे काही निघाले नाही. शिवाय १९८९ पासून ते व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार होते, सिनेटरांना रोजच्या कामातून ओळखीचे झाले होते, आणि बोरेन त्यांच्या पाठीशी ठाम उभे होते.

संशय फिटला होता, असे मात्र समजू नका. स्वतंत्र अभियोक्ता लॉरेन्स वॉल्श यांच्या अंतिम अहवालात गेट्स यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे, आणि त्याच अहवालात त्यांची उत्तरे बरेचदा आधी ठरवून दिल्यासारखी व पुरेशी मोकळी नसल्याचेही नोंदवले आहे. सिनेटने त्यांना निर्दोष ठरवले नाही. एवढ्या संशयासह हा माणूस चालेल, इतकेच ठरवले.

नीरक्षीर:
आणि ५ नोव्हेंबरला सोव्हिएत संघाचा हा अभ्यासक मंजूर झाला, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सोव्हिएत संघच उरला नाही!

चौकस:
मग २००६ मध्ये संरक्षणमंत्रीपदासाठी ९५ विरुद्ध २ मते कशी पडली? तेव्हा जुने काही निघाले नाही का?

दप्तरदार:
निघाले, पण ओझरते. तेव्हा आधीचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड नुकतेच पायउतार झाले होते आणि इराकचे युद्ध चिघळले होते. सुनावणीत सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी सरळ विचारले की, आपण इराकमध्ये सध्या जिंकत आहोत का, आणि गेट्स म्हणाले, "नाही, सर." लेव्हिन यांनी १९९१ मध्ये त्यांच्या विरोधात मत दिले होते. विश्लेषण वरिष्ठांच्या मर्जीनुसार वाकवल्याचा ठपका ज्यांच्यावर होता, त्यांनी ज्या राष्ट्राध्यक्षाने नेमले त्यालाच न आवडणारे उत्तर उघडपणे दिले. यावेळी लेव्हिन यांचे मत त्यांच्या बाजूने पडले.

चौकस:
आभारी आहे. एकच शंका राहिली: ओबामा यांनी त्यांना त्याच पदावर ठेवले, तेव्हा पुन्हा मतदान झाले का?

नीरक्षीर:
नाही. ते पदावर होतेच, पद रिकामे झाले नव्हते, त्यामुळे नव्या मंजुरीची गरज पडली नाही. १ जुलै २०११ रोजी ते निवृत्त झाले.