वीकेंडला 10 कोटी कमावले म्हणजे निर्मात्याच्या हातात नक्की किती पडतात?

खिडकी_तिकीट
मंडळी एक शंका आहे, हसू नका. काल घरी जेवणं झाल्यावर मामाशी वाजलं. त्याला व्हॉट्सॅपवर कुणीतरी 'वेड'चं जुनं पोस्टर पाठवलं होतं, शुक्रवार 2.25, शनिवार 3.25, रविवार 4.50, तीन दिवसांत 10 कोटी. झालं, मामा सुरू, की मराठी पिक्चर काढायला लागतात किती, चार-पाच कोटी, म्हणजे तीन दिवसांत पैसे डबल आणि सोमवारपासून येईल तो सगळा गल्ला खिशात, आणि तरी हे लोक अनुदान मागतात. मी म्हटलं मामा असं नसतं, थिएटरवाला काय फुकट दाखवतो का. पण मग कसं असतं ते तू सांग म्हणाला तर मलाच धड सांगता येईना आणि आई-मामी सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. तर हे 10 कोटी नक्की कुणाकडे येतात? आणि ग्रॉस, नेट असे दोन-दोन आकडे का फिरतात? बुधवारी परत मामाकडेच जायचंय, जरा सोपं करून सांगा.

डीसीआर_दादा
सात-आठ वर्षं एका वितरकाच्या ऑफिसात थिएटरांचे डीसीआर जुळवायचं काम केलंय (डेली कलेक्शन रिपोर्ट, रोज रात्री कुठल्या शोला किती तिकिटं गेली त्याचा कागद), त्यामुळे सांगतो.

एक 236 रुपयांचं तिकीट धरा. 100 च्या वरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36 रुपये सरकारचे, उरले 200. सगळी तिकिटं 236 नी मोजली की ग्रॉस, 200 नी मोजली की नेट. तुमच्या मामांचे 10 कोटी नेट आहेत. बाकी पोस्टरांवर मात्र बऱ्याचदा जो आकडा मोठा दिसेल तो छापतात, म्हणजे परदेशातली कमाई मिळवून वर्ल्डवाइड ग्रॉस.

आता त्या 200 चे वाटे. 2009 ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन दोनेक महिने नवीन हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्सला लागलेच नव्हते, आठवत असेल. त्यातून जो करार झाला त्यात पहिल्या आठवड्याला 50 टक्के वितरकाला, दुसऱ्याला 42.5, तिसऱ्याला 37.5 आणि चौथ्यापासून 30. हे हिंदीचं, मराठीतही हिशोब साधारण याच वळणाचा असतो, पण निर्माता नवा असेल तर त्याचं ऐकतंय कोण. सिंगल स्क्रीनला प्रकार वेगळा, कुठे थिएटरचं भाडं ठरवून, कुठे टक्केवारी.

म्हणजे 200 तले 100 वितरकाकडे आले. त्यातून त्याचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनसाठी स्क्रीनमागे द्यायची फी, आणि पोस्टर-होर्डिंग-टीव्हीवरच्या जाहिरातीचा खर्च वळता होतो. जाहिरातीचा खर्च पिक्चरच्या बजेटमध्ये कुणी सांगतच नाही, आणि छोट्या पिक्चरला तोच जास्त जड जातो. सगळं वळतं करून जे राहतं ते निर्मात्याचं. तेव्हा मामांना सांगा, 10 कोटी नेटमधून पहिल्या आठवड्याच्या दराने 5 कोटीच्या आसपास वितरकाचा शेअर, म्हणजे वाटा, आणि निर्मात्याच्या हातात त्याहून कमी. टीव्ही आणि ओटीटीचे हक्क वेगळे विकले जातात, बरेच जण तरतात ते त्यावरच.

दुसरा_रविवार
दादांनी वाटे बरोबर सांगितले पण मला वाटतं मामांची खरी चूक वेगळीच आहे, ते वीकेंड बघतायत. मराठी पिक्चरचा निकाल पहिल्या तीन दिवसांत लागतच नाही. 'वेड'चाच पहिला रविवार 4.50 आणि दुसरा 5.70! 'बाईपण भारी देवा' अजून भारी, 30 जून 2023 ला आला, पहिला वीकेंड 6.45 कोटी, अख्खा आठवडा 12.50, आणि मग दुसऱ्या रविवारी एका दिवसात 6.10. म्हणजे पहिल्या तीन दिवसांत मिळून जेवढे आले जवळजवळ तेवढे एका रविवारात. दुसरा वीकेंड पहिल्याच्या दुपटीला गेला होता. मोठ्या हिंदी पिक्चरला असं सहसा होत नाही, तिथे पहिल्या तीन दिवसांत फॅन लोक जाऊन येतात आणि सोमवारी आकडा धाडकन खाली येतो.

आणि गंमत बघा, लोकं जास्त येतात तो दुसरा आठवडा आणि दादांच्या हिशोबात वितरकाकडे (आणि त्यातून निर्मात्याकडे) येणारा वाटा 42.5 टक्क्यांवर आलेला असतो.

आठवी_सोनचाफा
'बाईपण'चं मी सांगते, कारण त्या दुसऱ्या रविवारात आमच्या भिशीच्या 22 जणी होत्या 😄 पहिल्या आठवड्यात आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला शो होते एक सकाळी पावणेअकराला आणि एक रात्री सव्वादहाला. सकाळी डबे, स्वयंपाक सोडून कोण जाणार आणि रात्री दहाला सासूबाईंना कसं नेणार? मग ज्या एक-दोघी बघून आल्या त्यांनी ग्रुपवर टाकलं, तारीख ठरली, साड्या ठरल्या (नऊवारी का सहावारी यावर दोन दिवस गेले), आणि तोवर शो पण वाढवले होते. बायकांचं प्लॅनिंग शुक्रवारी होत नाही हो, दहा घरांच्या वेळा जुळाव्या लागतात. तिसऱ्या वीकेंडला माझी वहिनी तिच्या ऑफिसच्या ग्रुपला घेऊन गेली ते वेगळंच.

डीसीआर_दादा
ताई, हेच दुखणं आहे. सोमवारी थिएटरवाला आकडा बघून शो काढतो. तुमच्या ग्रुपवर तारीख ठरेपर्यंत पिक्चर उतरलेलाही असू शकतो. 'बाईपण'ला ते टिकले म्हणून तुम्हाला मिळाले. 2015 ला मराठीला प्राइम टाइम द्यायचा नियम झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, नंतर त्या प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी 12 ते रात्री 9 करून टाकली. दुपारी 12 प्राइम टाइम!

शेवटची_रांग
आकड्यांवर एवढी चर्चा करताय पण आधी आकडे खरे कशावरून? आपल्याकडे सरकारी असा एक आकडाच नसतो, एक निर्मात्याचा, एक ट्रेडवाल्यांचा (पिक्चरच्या धंद्याचे आकडे सांगणारे जाणकार), एक वेबसाइटवाल्यांचा अंदाज. 'छावा'ला पहिल्या दिवसाचे ट्रेडवाले 31 म्हणत होते आणि निर्माते 33 च्या वर. एकावर एक फ्री तिकीट असतं ते कसं मोजतात ते एकदा विचारा कुणाला. मी स्वतः तिकिटाच्या ॲपवर लालेलाल, म्हणजे जवळजवळ भरलेल्या दिसणाऱ्या शोला गेलोय आणि आत आम्ही 15 जण.

दुसरा_रविवार
शेवटची रांग, मान्य, पण आकड्याचा कल तरी कळतो ना. 'छावा'चंच घ्या, शुक्रवारी 31, आणि पुढच्या बुधवारी, 19 फेब्रुवारीला शिवजयंती होती, 32. आडवारी शुक्रवारपेक्षा जास्त, हे आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी दिसतंच.

फक्त जुन्या-नव्याची तुलना करू नका. 'सैराट' 29 एप्रिल 2016 चा, जीएसटीच्या आधीचा. तेव्हा महाराष्ट्रात मराठी पिक्चरला करमणूक कर माफ होता (हिंदीला 45 टक्के!), म्हणजे राज्यातलं ग्रॉस तेच नेट. आणि तिकिटं तेव्हा केवढ्याला होती. कोटीत मोजण्यापेक्षा किती माणसं आली ते मोजलं तर 'सैराट' कुठल्या कुठे जाईल असं माझं मत. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला रात्री 12 ला आणि पहाटे 3 ला शो लावले होते त्याचे.

खिडकी_तिकीट
सगळ्यांचे आभार. 236 चं गणित कागदावर मांडून मामाला फोटो पाठवला. उत्तर आलंय, "मग तो पॉपकॉर्नचा पैसा तरी निर्मात्याला मिळतो का?"

डीसीआर_दादा
नाही. तो सगळा थिएटरचा.