अनुभव धागा: न सांगता निघालेले पोरांचे फोटो

माळ्यावरचा_डबा: दिवाळीची झाडलोट करताना पत्र्याच्या डब्यात पन्हाळ्याचे फोटो सापडले, १९९४ चे. मामाचा उसना कॅमेरा, ३६ चा रोल आणि दर फोटोआधी पप्पांचं "सरळ ऱ्हावा, हलू नका". तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव... सगळीकडं आम्ही चौघं भावंडं पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखी. एकच वेगळा. धाकटीचं भाजलेलं कणीस चिखलात पडलंय, ती भोकाड पसरायच्या बेतात, मागं मी हसतोय. पप्पांचं बोट चुकून दाबलं गेलं होतं. रोल धुऊन आल्यावर "एक फोटो फुकट घालवला" म्हणून आईनं त्यांना सुनावलं. आता त्याच एका फोटोसाठी चौघांत भांडण आहे. तुमचेही असले सांगा.

पेठेतली: खिद्रापूर! नवऱ्याला कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात लेक मधोमध उभी हवी होती, वरच्या गोल झरोक्याखाली. तिला खांब मोजायचे होते. आहेत ४८, तिचे दर वेळी ४७. ज्या खांबाला हात लावून सुरुवात करायची तोच मोजायचा राहायचा. तिसऱ्या फेरीला मी मोबाईल फरशीजवळ धरून बटण दाबूनच ठेवलं. पंचवीसेक निघाले. एकात खांबाआडून अर्धं तोंड, एक सुटलेली वेणी आणि दगडावर टेकलेली पाच बोटं. कुकर झाला, येते.

गावठी_लेन्स: उभं राहून काढले की पोरांची नुसती टाळकी येतात. गुडघ्यावर बसा. पळणाऱ्या पोराला शटर १/५०० सेकंद तरी ठेवा, म्हणजे फोटो हलत नाही. रंकाळा तळ्यावर सांजच्याला उजेड कमी, आयएसओ (कमी उजेडात टिपायची ताकद) वाढवा. फोटोत बारीक ठिपके दिसले तर दिसू देत.

निवांत_५८: भावा, गुडघ्यावर बसतो की. उठवायला तू येणार काय?

गुलालवाला: जोतिबा, चैत्र यात्रा. पोरगं खांद्यावर. सासनकाठी (देवाची उंच निशाणाची काठी) आली, "चांगभलं"चा गजर झाला आणि साहेबांनी मूठभर गुलाल खाली, माझ्याच तोंडात. बायकोनं तेवढ्यात टिपला. मी कमी, गुलाल जास्त. लेन्समध्येही गेला. दुरुस्तीवाल्यानं दोन महिने ठेवून तशीच परत दिली, नाव घेत नाही.

पेठेतली: @गुलालवाला 😂😂 शर्ट निघाला काय धुऊन?

गुलालवाला: कुठला! गुलाबीच घालतोय.

घाटावरचा: दुसऱ्यांच्या पोरांचे काढताना विचारावं, एवढंच माझं म्हणणं. पंचगंगा घाटावर एक पोरगं पायऱ्यांवरनं सूर मारताना मस्त सापडलं. मागनं आत्या आली, "कशाला काढलासा?" स्क्रीन दाखवली. म्हणाली, "ह्यात केस बघा कसलं दिसाय लागल्यात, परत काढा." पुसून, विंचरून, सदरा घालून ताठ उभा केला त्याला. तिला तोच पाठवला. सूर मारलेला फोटो तिच्या समोरच डिलीट केला, काय करणार.

आजोबा_मोबाईलवाले: नातवाला खरी कॉर्नरचं कॅमेऱ्याचं स्मारक दाखवलं. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला, सांगितलं. तो मागं जाऊन बटण शोधतोय असा फोटो आला. थोडा हललाय. माझा हात हलतो.

निवांत_५८: आजोबा, हललेला चालतोय. टाका की.

गावठी_लेन्स: गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या त्याला. धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावला की पांढऱ्या मिशा येतात, तेव्हा हाणा.

पेठेतली: आमची म्हशीला बघूनच रडली. पन्हाळ्याला कणीस आता केवढ्याला मिळतंय?

माळ्यावरचा_डबा: धाकटीनं धागा वाचला. म्हणते कणीस पडलं नव्हतं, तू पाडलंस.

निवांत_५८: हसतोयस की फोटोत! दे तिला नवं घेऊन.