मदत हवी आहे: कॉन्ट्रास्टसाठी (ठरावीक दोन वेळांच्या तुलनेसाठी) एरर टर्म (फरक ज्या विखुरणीशी ताडून बघायचा ती) कुठली घ्यावी?

मंडळी, अडकलोय. कोल्हापुरातल्या एका तालमीत पहाटे १८ पैलवानांचे नाडीचे ठोके चार वेळा मोजले: जोर-बैठकांआधी, लगेच नंतर, मग ५ आणि १५ मिनिटांनी. (एकजण मोजतानाही बैठका मारायचा थांबेना!) रिपीटेड-मेजर्स अनोव्हा (त्याच माणसांच्या अनेक मोजण्यांची तुलना) केला. मॉखली चाचणीत स्फेरिसिटी (कुठल्याही दोन वेळांमधल्या फरकांची विखुरण सारखीच असणं) मोडली, म्हणून चारही वेळांच्या मुख्य एफ-चाचणीला ग्रीनहाऊस-गायसर सुधारणा लावली. इथवर ठीक.

पण मला बघायचंय 'आधी' विरुद्ध '१५ मिनिटांनी' एवढंच. गाईड सर म्हणतात, चारही वेळांची एकत्रित एरर घे, ५१ डिग्री ऑफ फ्रीडम (जितक्या जास्त, तितका एररचा अंदाज पक्का) मिळतात. पण 'लगेच नंतर'चे ठोके माणसागणिक कुठल्या कुठे आहेत, तो गोंधळ या तुलनेत कशाला? प्रत्येकाचा या दोन वेळांमधला फरक काढून टी-टेस्ट (सरासरी फरक शून्य आहे का ते बघणारी चाचणी) केली तर डिग्री १७च उरतात, पण स्फेरिसिटीची गरजच नाही. फरक साधारण नॉर्मल असले की झालं. बरोबर ना? सरांना कसं पटवू?